आमच्या गावच्या शाळेतली समता

मोसंबीच्या बागा फुलल्या की वडीगोद्रीहून आमच्या गावाकडे वळणाऱ्या रस्त्यावरची हवाच बदलून जाते. माघातलं ऊन अजून कोवळं असतं, काळ्या रानात उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग पडलेले असतात, आणि त्या इवल्या पांढऱ्या फुलांचा गंध गाडीच्या काचा बंद असल्या तरी कुठून तरी आत येऊन शेजारी बसतो. एरवी या वळणावर मी हटकून गाडी हळू करते. त्या सकाळी मात्र त्या गंधानं माझं डोकं उठलं होतं, कारण मी संतापलेली होते, आणि संतापलेल्या माणसाला सुगंधसुद्धा सोसवत नाही.

मी नवीन जालन्यात राहते, महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. देशभर होणाऱ्या शिक्षण सर्वेक्षणाची माहिती घेऊन गेली काही वर्षं आम्ही काहीजण एकच प्रश्न तपासत होतो: सरकारी शाळेत दलित मुलांना आणि इतरांना सारखं शिक्षण मिळतं का? त्या हिवाळ्यात उत्तर आलं. मिळतं. वाचन सारखं, हजेरी सारखी, बसायला एकच सतरंजी. आमच्या भागातलं सारं अंतर मिटलेलं. आमच्या प्रकल्पाच्या प्रमुखांनी हर्षभरित होऊन फोन केला, पेढे मागवले. मी तो तक्ता पुन्हा पुन्हा पाहत राहिले आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की ‘इतर’ या रकान्यात मुलंच फारशी उरलेली नाहीत. ती कधीच खाजगी शाळांत निघून गेली होती. पंगतीतून अर्धी माणसं उठून जावीत आणि उरलेल्यांकडे बोट दाखवून कुणी म्हणावं, बघा कसे सगळे एकत्र जेवतात! वा रे समता!

प्रमुखांना हे सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, शाळा सोडण्याचं कारणही सर्वेक्षणात विचारलेलं आहे, आणि बहुतेकांनी इंग्रजी माध्यम असं सांगितलं आहे; यात जात कुठे आली? त्याचं उत्तर शोधायला मी माहेरी निघाले होते.

गावात शिरता शिरता ती पिवळी बस दिसली. आमच्या भावकीतली सारी लेकरं, टाय बांधलेली, तेल चोपडून भांग पाडलेली, अंबडच्या इंग्रजी शाळेकडे निघाली होती. चुलतभावाच्या घरी वहिनीनं चहा टाकला, मांडी घालून समोर बसली, आणि मी विचारायच्या आत तिनं सगळं सांगूनही टाकलं. “वन्सं, आजकाल इंग्रजीबिगर काय खरं हाय का? म्हणून काढलं लेकरांना झेडपीतून.” कधी काढलं, मी विचारलं. “शोभा शाळंत खिचडी शिजवायला लागली न्हाई का, त्या साली.”

विहीर खणली त्या साली, थोरलीचं लगीन झालं त्या साली, असं आपण म्हणतो ना, तितक्या सहज ती बोलली. आपण काही सांगून गेलो हे तिच्या गावीही नव्हतं. मग मी गावभर हिंडले. पारावर, गिरणीत, किराणा दुकानात सगळ्यांनी कारण इंग्रजीच सांगितलं, आणि साल विचारलं की सगळे त्याच सालावर येऊन थांबले. शोभा भीमनगरातली. तिनं शाळेची चूल पेटवली आणि एकेका घराला इंग्रजीची ओढ लागली. कुणी भांडलं नाही, कुणी अर्ज केला नाही, वावगा शब्दसुद्धा कुणाच्या तोंडून गेला नाही. इतक्या सभ्यपणानं केलेला अपमान कुठल्या सर्वेक्षणात सापडणार, सांगा!

शाळेत पोचले तेव्हा खिचडीला वाफ आली होती. हळदीचा, जिऱ्याचा, नुकत्याच फुललेल्या तांदळाचा तो वास पटांगणातल्या लिंबाच्या सावलीपर्यंत पसरला होता आणि त्या वासाची वाट पाहणारी मुलं एका सतरंजीवर मावतील इतकीच होती. हेडसर भले गृहस्थ. शोभाला त्यांनीच आग्रहानं लावलं होतं. ते म्हणाले, पट फार घसरला, शाळा आता शेजारच्या गावच्या शाळेत सामावून घेणार, बहुधा हे शेवटचंच वर्ष. शेजारची शाळा म्हणजे हायवेच्या पलीकडे. मुलगे जातील कसेतरी, पण सहावी-सातवीतल्या पोरींना कोण धाडणार? शोभाची प्रणाली सहावीत होती, वर्गात पहिली.

शोभानं पदरानं हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “ताई, तुम्ही शिकलेल्या. खरं सांगा. म्या चूल सोडली तर ती लेकरं माघारी येतील का?”

मी भडकले. तिच्यावर, सरांवर, त्या पिवळ्या बसवर, स्वतःच्या आडनावावर. अजिबात सोडायची नाही, हा तुझा हक्क आहे, मी तक्रार करते, असं काहीबाही बोलत सुटले. तिनं सगळं ऐकून घेतलं. “तुमचं बिलकुल बराबर हाय, ताई. पर तुमची तक्रार चालू ऱ्हाईल अन् माझी पोरगी घरी बसंल. मंग?” माझ्या हक्काच्या गोष्टी तिच्या त्या एका ‘मंग’पुढे फोल ठरल्या.

जूनमध्ये शोभानं घरच्या कारणानं काम सोडलं. आमच्या भावकीतल्याच एका बाईनं चूल हाती घेतली. आणि आश्चर्य असं की इंग्रजीची ओढ ओसरली! वहिनीचा धाकटा परत आला, पाठोपाठ आणखी चार घरांतली लेकरं आली. “झेडपीतच चांगलं शिकवून राह्यले आता,” वहिनी मला फोनवर म्हणाली, आणि तिचा आवाज इतका निर्मळ होता की मला रडू आलं. शाळा वाचली. शोभाला हवं होतं तेच झालं, आणि त्याचा आनंद मानायला माझं मन काही केल्या तयार होईना.

त्यानंतरच्या हिवाळ्यात सर्वेक्षणाची नवी फेरी निघाली. घरोघर जाणाऱ्या मुलींना शिकवण्याचं काम माझ्याकडे होतं, म्हणून त्यांच्यातल्या एकीबरोबर मी भीमनगरात गेले. शोभाच्या अंगणात ऊन तिरपं उतरलं होतं, ती सुपात तांदूळ निवडत होती, प्रणाली भिंतीला टेकून उत्तरं देत होती. शाळेत रोज जाते का? जाते. सगळे एकत्र बसतात का? बसतात. गुरुजी भेदभाव करतात का? न्हाई. आमची शाळा आता आणखीच झळकणार होती. सगळ्या जातींची लेकरं, एकच सतरंजी.

शाळेतलं जेवण जेवतेस का?

न्हाई.

का?

प्रणालीनं आईकडे पाहिलं. शोभाचा हात क्षणभर सुपात थांबला आणि पुन्हा फिरू लागला. “मला तिथं भूकच न्हाई लागत,” पोरगी म्हणाली.

सर्वेक्षणाच्या मुलीनं टॅबवरचे पर्याय वरपासून खालपर्यंत पाहिले, परत एकदा पाहिले, आणि मग ‘आवडत नाही’ यावर बोट ठेवून माझ्याकडे वळून विचारलं, “मॅडम, हेच ना?”

शोभानं मान वर केली नाही. प्रणाली मात्र माझ्या तोंडाकडे बघत उभी होती, मी काय सांगते ते ऐकायला.