आधी माझा हात

कोणी दुर्बिणीला डोळा लावण्याआधी मिस्त्री तिच्या मागच्या काचेशी आपला तळहात धरायचे आणि वीस आकडे मोजायचे. हात गार राहिला की म्हणायचे, "आदी माजा हात, मग पोरांचा डोळा. या आता."

इस्लामपूरकडच्या साखर कारखान्यात फिटर म्हणून त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर शाळांच्या गच्चीवर सरकत्या छपराच्या वेधशाळा उभारायला ते माझ्याबरोबर आले. मी विज्ञानाचा शिक्षक. तुम्हीही त्यांना हसला असतात. सूर्य दाखवायचा म्हणून दुर्बिणीच्या तोंडावर ऊन अडवणारं चंदेरी फिल्मचं झाकण बसवलेलं असायचं, तरी यांचा हात पुढे.

"मिस्त्री, झाली का पूजा?" मी चिडवायचो.

"व्हय. घ्या परसाद."

मेढ्याच्या एका शाळेत उद्घाटन होतं. पाहुणे आले आणि नेमकं छप्पर अडकलं. मिस्त्री शिडीवर चढले. पाहुणे घड्याळाकडे बघत होते, मुख्याध्यापक माझ्याकडे. मला घाम फुटला. एकदाचं छप्पर सरकलं, ऊन आत आलं. मी घाईने दुर्बीण सूर्याकडे वळवली आणि रांगेतल्या पहिल्या मुलीला म्हणालो, "बघ गं पटकन."

"थांब पोरी!"

ती वाकलीच होती. मिस्त्रींनी शिडीवरून उडी टाकली आणि काच नि तिचा डोळा यांच्या मध्ये हात घातला. कातडी जळल्याचा वास आला.

पाहुण्यांपुढे दुर्बीण कोरी दिसावी म्हणून शिपायाने सकाळी पुसताना ते झाकण पॅकिंग समजून काढून टाकलं होतं. पण मुलीला पुढे केलं ते मी.

"काय झालं?" पाहुण्यांनी विचारलं.

मिस्त्रींनी मूठ मिटली. "काय न्हाई सायेब. पत्रा तापलाय, चटका बसला." मग माझ्या कानाशी म्हणाले, "सर, झाकण लावा. पोरगी लय घाबरलीया, तिलाच पयलं दावू."

झाकण लागल्यावर त्यांनी दुसरा हात धरला. वीस मोजले. मुलीने सूर्य पाहिला आणि हसली. शिपायाचं नाव त्यांनी कधी काढलं नाही, माझंही नाही.

मिस्त्री गेले, त्याला वर्ष होईल. त्यांच्या तळहातावरचा तो गोल डाग माझ्या हातावर असायला हवा होता.

परवा वाईच्या शाळेत नवी दुर्बीण लावली. झाकण दोनदा तपासलं, मग तळहात धरला. वीस झाले. हात गार होता. मुलं रांगेत चुळबुळत होती, तरी मी पुन्हा एकपासून मोजायला लागलो.