दारातला मधूदादा

कुकरची शिट्टी. दोरीवर उलटा वाळणारा शर्ट. मिरज स्टँडवरची घोषणा, अर्धवट. 'कथेच्या शेवटाचे मर्म लिहा.' उशीचा गार भाग.

दुपार आहे. डोळे मिटतात, पुरते मिटत नाहीत. दारात मधूदादा उभा आहे. माझा थोरला भाऊ, वारलेला. हातात कापडी पिशवी, माझ्या कथेत आहे तसाच. भांडून घर सोडलेला भाऊ परत येतो, कडीकडे हात नेतो आणि कथा संपते. तो शेवट गाजला. कॉलेजात शिकवतात.

"नंद्या, आत घेतोस का?"

"घेतलं तर कथा बिघडेल."

"आणि माझे पाय दुखतायत त्याचं काय?"

दार वर्गात उघडतं. मुलं माना खाली घालून पेपर लिहितायत. दादा एकीच्या खांद्यावरून डोकावतो.

"मी कडी का वाजवत नाही म्हणे! पाच मार्कांना! अरे, लघवीला लागलीय मला. ते कुणी लिहिलंय का बघ."

मला हसू येतं. "दादा, कथेला एक क्षण पुरतो."

"तुला पुरला. मी काय करू पुढं?"

"पुढं कादंबरी लागते. जेवण, कुरबुरी, दुसरा दिवस. ते मला जमत नाही. शेवट दिसला की मी थांबतो."

"थांबत नाहीस, पळतोस. गोट्या खेळतानाही तेच. जिंकलास की घरी."

फळ्याच्या जागी न्हाणीघर आहे. दादा पाटावर बसलाय, पाठ माझ्याकडे.

"घास."

मी घासतो. पाठ संपत नाही. एक मणका, मग दुसरा, मग एक वण. तो कशाचा, मला माहीत नाही. मी विचारतो. तो सांगू लागतो, मध्येच भलतीकडे जातो, परत येतो. पाणी निवतं.

"कंटाळलास?"

"हो."

"मग आता बरोबर चाललंय. घास."

जाग येते. उजव्या हाताची बोटं सुरकुतलेली आहेत, बराच वेळ पाण्यात राहिल्यासारखी.

तसाच टेबलाशी बसतो. कथेची शेवटची ओळ खोडत नाही. तिच्याखाली लिहितो: कडी वाजते. मग: आई विचारते, जेवलास का? मग भात कमी पडतो, तेही लिहितो. चांगलं वाक्य साधलं की उठायची माझी सवय. एक साधतं. उठत नाही.

प्रत्यक्षात परत आल्यावर मधूदादा सोळा वर्षं आमच्याच घरी राहिला.