एकच जिल्हा निवडा

भांडणं मी पुष्कळ केली. ती मी विसरते आणि समोरचाही विसरतो. पण एक वाईट काम माझ्या हातून झालं, तेही सकाळी दहा वाजता, चहा पीत पीत. ते काही विसरता येत नाही.

मी शलाका, मूळची पुण्याची. नवरा विद्याधर इथे विमानांच्या संशोधनात नोकरीला होता. त्याच्यामागून बंगळूरला आले आणि पस्तीस वर्षं झाली बनशंकरीत राहते. आम्हाला मूल नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल.

शिवलीला आमच्याकडे नऊ वर्षं स्वयंपाकाला होती. बेळगाव जिल्ह्यातल्या, निपाणीजवळच्या खेड्यातली. घरात मराठी, बाजारात कन्नड, दोन्ही भाषा सारख्याच तोऱ्यात. त्यांच्याकडे बायकाही ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, तशी ही म्हणायची. नवऱ्यानं दुसरं घर मांडलं तेव्हा हिची मुलगी सुखदा दोन वर्षांची होती. तिला आपल्या आईपाशी, यल्लव्वापाशी ठेवून ही इकडे आली, चार घरची कामं धरली आणि तिघी बायकांबरोबर एका खोलीत राहिली. मुलगी दिसायची दिवाळीत आणि मे महिन्यात. एरवी सव्वाचारला, शाळा सुटल्यावर, तिचा फोन यायचा. शिवलीला पिठाच्या हातानं फोन खांद्यात धरायची. तिकडचं मला ऐकू यायचं नाही. इकडचं मात्र रोज तेच: ‘जेवलीस? वेणी कुणी घातली? येतो की, येतो लवकर.’ फोन ठेवला की दोन मिनिटं ती ओट्याला धरून नुसती उभी राहायची. मी मुद्दाम भांडी वाजवायचे. त्याशिवाय ती हलायची नाही.

ती बारावी झालेली होती. एकदा गाव-अधिकाऱ्यांच्या भरतीची जाहिरात तिनंच फोनवर दाखवली. आपण तलाठी म्हणतो ना, तसलं पद. ‘काकू, बेळगाव जिल्ह्यात लागलो तर रोज संध्याकाळी घरी,’ म्हणाली. वय सदतीस. पुढच्या भरतीपर्यंत वयाची अट ओलांडली असती. म्हणजे ही एकच संधी.

विद्याधरनं अभ्यासक्रम छापून आणला. सहा पानं, डावीकडे कन्नड, उजवीकडे इंग्रजी. ती आम्ही ओट्यावरच्या फरश्यांना चिकटपट्टीनं लावली. पंचायत राज, जमीन महसूल, राज्याचा भूगोल, विज्ञान, कॉम्प्युटर आणि कन्नडचा सक्तीचा पेपर. तिची शाळा मराठीची, कन्नड फक्त एक विषय म्हणून झालेलं. लिहायचा सराव सुटला होता. मग ती मला कन्नड अक्षरं शिकवायला लागली. शिकवलं की आपलं पक्कं होतं म्हणे. पस्तीस वर्षं इथं राहून मला दुकानाची पाटी वाचता येत नव्हती, लाज वाटायला हवी. तिच्यामुळे मी बसची पाटी वाचायला लागले. वाण्यानं ‘सरी, अक्का!’, म्हणजे ‘बरोबर, ताई!’, म्हणून पाठ थोपटायची तेवढी बाकी ठेवली.

आमची पद्धत अशी. भाकरी तव्यावर पडली की मी प्रश्न विचारायचा आणि भाकरी उलटायच्या आत तिनं उत्तर द्यायचं. उत्तर येईना की ती तशीच थबकायची, आणि भाकरी करपायची. पंचायत राजपायी विद्याधरनं महिनाभर काळ्या भाकऱ्या खाल्ल्या. ‘घटनादुरुस्ती आज जरा जास्तच भाजली गेलीय,’ एवढंच म्हणायचा बिचारा.

तिकडे सुखदानं तोच अभ्यासक्रम वहीत उतरवून घेतला होता. फोनवर शिवलीला सांगायची, ‘आज महसूल झालं बघ,’ की तिकडे पोर त्याच्यावर खूण करायची. सगळ्या खुणा झाल्या की घरी येणार, असं या दोघींचं ठरलेलं. एका भरती परीक्षेवर दोघी मायलेकी जगत होत्या. आणि मी? मी प्रश्न विचारत होते खरी, पण डोळा घड्याळाकडे असायचा. ही गेली की सव्वाचारला घरात काय वाजणार होतं?

अर्ज आमच्याच कॉम्प्युटरवर भरला. त्यात एक रकाना होता: एकच जिल्हा निवडा. शिवलीला म्हणाली, ‘बेळगाव टाका.’

विद्याधर इंजिनिअर. त्यानं जुन्या निकालांचे आकडे काढून तक्ता केला होता. बेळगावात शेवटची निवड फार वरच्या गुणांवर थांबायची. त्या बाजूची पोरं धारवाडला क्लास लावून वर्षानुवर्षं तयारी करतात. बंगळुरात तेवढी चुरस नव्हती. ‘गणित हे सांगतं,’ तो म्हणाला, ‘पण जायचं तिला आहे. तिला ठरवू दे.’ आणि अंघोळीला निघून गेला.

तिनं ठरवलंच होतं. बोललं कोण? मी. ‘अगं, आधी पदरात तर पडू दे! इथं लाग, मग बदली करून घे.’

‘बदली होती न्हवं नक्की?’

‘होते गं, न व्हायला काय झालं! सरकारी नोकरीत बदल्याच तर होतात.’

मला बदलीचं ओ की ठो माहीत नव्हतं. चौकशी केली नव्हती आणि करायचीही नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘तुम्ही म्हणता तर टाका बंगळूर.’ आणि मी टाकलं. चहाचा घोट घेतला आणि टाकलं.

तिनं परीक्षा चांगली दिली. कन्नडच्या पेपरात पास झाली, बाकीचे उत्तम गेले. यादीत नाव आलं तेव्हा मी गल्लीभर पेढे वाटले. यादीत माझं नाव लागलं असतं तरी एवढी नाचले नसते. नेमणूक शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, येलहंक्याच्या बाजूला मिळाली. शिवलीला पहिल्याच दिवशी तिथल्या जुन्या कारकुनाला बदलीचं विचारून आली. तो हसला म्हणे. ही पदं जिल्ह्याचीच. एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जायचं म्हणजे वर्षानुवर्षं वाट बघा, तीही मिळेलच असं नाही.

ती हे सांगत होती आणि मी तिच्याकडे न बघता कोथिंबीर निवडत होते.

आठवड्यानं विद्याधरनं सगळ्या जिल्ह्यांच्या याद्या काढल्या. त्याला आकड्यांचं वेड. ‘यंदा उलटंच झालंय,’ तो म्हणाला. ‘बेळगावची शेवटची निवड हिच्यापेक्षा अकरा गुण कमीवर झालीय.’ अकरा! ती आरामात घरी गेली असती. मी तो कागद त्याच्या हातून ओढून घेतला, चार घड्या घालून डाळीच्या डब्याखाली सारला आणि त्याला बजावलं, ‘तिच्यासमोर अवाक्षर काढलंस तर बघ!’ चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

रविवारी शिवलीला भेटायला आली. आता ती पाहुणी, म्हणून भाकरी मी केली. वाकडी झाली. ती मुकाट्यानं खात होती, आणि मला ते सहन होईना. डाळीच्या डब्याखालचा कागद काढून मी तिच्यापुढे ठेवला.

‘म्हाईत हाय,’ ती म्हणाली. ‘यादी लागली त्याच दिवशी फोनवर बघितलो.’

‘मग बोलली का नाहीस? शिव्या दे मला!’

‘शिव्या कशाला? तुम्ही माझं भलंच बघितलासा.’

‘नाही गं बाई!’ मला रडूच फुटलं. ‘मी माझं बघितलं. तू जाऊ नयेस म्हणून मी बंगळूर टाकायला लावलं. बदलीचं मला काहीसुद्धा माहीत नव्हतं.’

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. रागावली असती तर बरं झालं असतं. मीच घाईघाईनं बोलत सुटले. वरची खोली रिकामी आहे, सुखदाला घेऊन ये, शाळेचं आम्ही बघतो, विद्याधर गणित शिकवेल. अगदी लाचार झाल्यासारखी बोलत होते.

‘विचारलो तिला,’ शिवलीला म्हणाली. ‘आईला सोडून येणार न्हाई म्हणाली.’

‘म्हणजे? आई तर तू!’

‘न्हाई काकू. यल्लव्वाला आई म्हणती ती. मला अक्का म्हणती. घरात समदी अक्का म्हणत्यात, तेच उचललं पोरीनं. तुम्हाला कधी सांगितलो न्हाई, लाज वाटायची.’ तिनं ताटातला तुकडा उचलला आणि परत ठेवला. ‘म्हणून तर जायचं होतं मला. रोज डोळ्यापुढं दिसलो असतो, न्हाऊ घातलो असतो, मारलो असतो, तर कधीतरी तोंडातनं आलं असतं. आता बारावं लागलंय तिला. आता काय येतंय!’

मग ती उठली, ताट धुऊन पालथं घातलं, आणि येलहंक्याला जायला दोन बस बदलाव्या लागतात म्हणून लवकर निघाली. तिला ‘थांब’ म्हणायला मला तोंड उरलं नव्हतं.