आठ वर्षांचा हणमंत

हणमंत माणसाच्या तोंडाकडं नंतर बघायचा, आधी कापडाकडं. बाई ओळखीची असो की नसो, पदराचं टोक दोन बोटांत धरून चोळायचा आणि सांगायचा, "ही उन्हात वाळवू नका. रंग इटंल." नवख्या बाया दचकायच्या. मग त्याच बाया बाजारातून येताना त्याच्यासमोर पिशवी उघडायच्या. "हणमंतदादा, फसवलं का बघा बरं." तो म्हणायचा, "रंगावर जाऊ न्हाई. हात लावून बघावं." दिवसातून दहा वेळा हेच.

तो माझा मेव्हणा. माझ्या बायकोचा, कौसल्येचा, धाकटा भाऊ. चाकूरचा. आईबाप गेल्यावर कौसल्या त्याला आमच्याकडं लोह्याला घेऊन आली, तेव्हा तो पंचविशीत होता. त्याला लिहिता येत नव्हतं, घड्याळ कळत नव्हतं, वीसच्या पुढं आकडे म्हणता येत नव्हते. माझी पिठाची गिरणी होती. तिथं बसवून बघितला, तर ज्वारीच्या डब्यात गव्हाचं पीठ गेलं. मग गावातल्या कापड दुकानाच्या मालकानं त्याला ठेवून घेतलं. गिऱ्हाइकांनी पसरलेल्या साड्यांच्या घड्या घालायच्या, एवढंच काम. अठ्ठावीस वर्षं त्यानं ते केलं. कोणत्या बाईनं कोणाच्या लग्नाला कोणती साडी नेली, हे मालकाला आठवायचं नाही. हणमंताला विचारावं लागायचं.

मी त्याला घरात मठ्ठ म्हणायचो. लिहायला लाज वाटते, पण म्हणायचो.

"आपल्या मागं याला कोन बघंल? काही कागद तर करून ठेवा," असं कौसल्या सारखी म्हणायची. म्हणून अपंगाच्या दाखल्यासाठी आम्ही त्याला नांदेडला नेलं. तिथं एका मॅडमनं त्याची बुद्धीची तपासणी केली. ठोकळे जुळवायचे, चित्रांत काय चुकलं ते सांगायचं, आकडे उलटे म्हणायचे. दीडएक तास चाललं. हणमंत घामाघूम झाला. उठताना त्यानं मॅडमच्या ओढणीला हात लावला आणि म्हणाला, "ताई, ही गरम पान्यात धुतली तुमी."

मी ओशाळलो. मॅडम म्हणाल्या, "खरंय. आईनं धुतली." आणि हसून माझ्याकडं बघितलं. "हे मोजायला माझ्या कागदावर जागा नाही हो."

आठ दिवसांनी निकाल घ्यायला गेलो. मी चौथी शिकलेला, पण अक्षर लावता येतं. कागदावर लिहिलं होतं, बुद्ध्यांक बावन्न. मी म्हणालो, "म्हंजे पास झाला की. शंभरातले बावन्न."

"ते मार्क नाहीत काका," मॅडम म्हणाल्या. "बहुतेक माणसं शंभराच्या आसपास येतात. हे त्याच्या बरेच खाली आहेत."

"मग असं सांगा, किती वर्षांचं पोरगं धरायचं?"

त्या म्हणाल्या, "हिशेब, वाचणं, नवीन काही शिकणं, यात साधारण आठ वर्षांच्या मुलाला जमेल तेवढं त्यांना जमतं. पण..."

त्या पणच्या पुढचं माझ्या डोक्यात शिरलंच नाही. मी कागदाची घडी करून खिशात घातली होती. पुढचं कौसल्येनं ऐकलं आणि नंतर मला कितीतरी वेळा सांगितलं. मॅडम म्हणाल्या होत्या, "पण माणूस त्रेपन्न वर्षांचा आहे. त्रेपन्न वर्षांचं जगणं त्यांच्या अंगात आहे. माया, अपमान, दुःख हे या आकड्यात येत नाही. त्यांना लहान मूल समजून वागवू नका."

मी नेमकं तेच केलं. चहाच्या हॉटेलात त्याला पुढं करून म्हणायचो, "हे आमचं आठ वर्षांचं पोरगं." लोक हसायचे. एकदा तो म्हणाला, "दाजी, आठ वर्षांचा हाव तर मग दाढी कोनाची करून राहिलो रोज?" लोक आणखी हसले. मीही हसलो. तो चाकूरला एकट्यानं एस्टीनं जायचा, ते मी बंद केलं. घरात काही बोलणं निघालं की त्याला बाहेर घालवायचो. कौसल्या चिडायची. "त्या मॅडमनं काय सांगितलं ते पुन्हा ऐकून या. अर्धंच ऐकून आलात."

पुढच्या वर्षी कौसल्येच्या किडन्या गेल्या. नांदेडच्या डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितलं. मी हणमंताला चाकूरला त्याच्या चुलतभावाकडं पाठवायचं ठरवलं.

"अक्का बरी व्हनार हाय का?" त्यानं विचारलं.

"हाव."

"मग मला कामून धाडून राहिले?"

एका ओळखीच्या माणसाबरोबर त्याला बसमध्ये बसवलं. जाताना त्यानं एक पिशवी छातीशी धरली होती. काय आहे ते मी विचारलं नाही.

चार दिवस कौसल्या म्हणत होती, "हणमाला आणा." मी म्हणत होतो, "लेकरू भिईल." पाचव्या दिवशी सकाळी ती गेली.

आमच्याकडं बाई नवऱ्याच्या आधी गेली तर तिच्या अंगावरची शेवटची साडी माहेरची असते. भावानं आणायची असते. मी चुलतभावाला फोन केला. तो म्हणाला, "साडीचं कसं?" मी म्हणालो, "इथंच घेतो तुमच्या नावानं. तू एकटा ये. हणमंताला सांगू नको, त्याला काय कळतंय." शेजाऱ्यानं एक हिरवी साडी आणली. तीच नेसवून तिला माती दिली.

तिसऱ्या दिवशी हणमंत दारात उभा. चुलतभाऊ परत गेल्यावर त्याला कळलं होतं. एकटा आला होता, अहमदपूरला बस बदलून. पायरीवर बसला. रडला नाही. त्यानं विचारलं, "कोनची नेसवली?"

"हिरवी."

"पोत कसं व्हतं?"

"हात लावून नाही बघितलं."

"खळ व्हती?"

"नवीच होती. खळ असणारच की."

"टोचली आसंल अक्काला," तो म्हणाला. "तिला गोधडीबी सोसत नव्हती."

मग त्यानं पिशवीतून साडी काढली. आंब्याच्या रंगाची. "दोनदा भिजवून खळ काढली. मालक हसला. कोरी साडी कोन धुतंय म्हनला."

"कधी घेतली होतीस?"

"अक्काचे पाय सुजले तवा."

म्हणजे दोन महिने आधी. तेव्हा मी पायाला तेल चोळत होतो आणि उतरेल म्हणत होतो. बहिणीला मऊ साडी लागणार, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. मी त्याचा शेवटचा हक्क काढून घेतला, आणि तिच्या अंगावर शेवटचं कापड टोचणारं घातलं.

ती साडी तो माझ्याकडंच ठेवून गेला. दिवसकार्य झाल्यावर म्हणाला, "दाजी, मी आता चाकूरलाच राहतो." भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. तो गेल्यावर मी एकदा साडीला हात लावून बघितला. कौसल्येच्या जुन्या लुगड्यासारखी लागली.

परवा दिवाळीला मी चाकूरला गेलो. तो तिथंही कापड दुकानातच आहे. मला बघून त्यानं आधी माझ्या सदऱ्याची बाही चोळली.

"कोन धुतंय?"

"मीच."

"सोडा लई घालता. फाटंल."

मी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीतला त्याचा नांदेडचा कागद काढला. म्हणालो, "हणमंता, हा तुझा. तुझ्याजवळ असू दे. माझं चुकलं."

त्यानं कागद घेतला, बोटांनी चोळला, आणि घडीवर घडी ठेवून मला परत दिला.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच, दाजी. मला वाचाया येत न्हाई. तुमाला येतंय."