बंद करून पुन्हा चालू

तेरावं उरकलं तशी उषा उदगीरहून महाळुंग्याला परतली. दोन हजार सातची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. बायपासवर एका ट्रकने तिच्या नवऱ्याच्या, जनार्दनच्या मोटारसायकलला मागून धडक दिली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. सासरी बायका उषाच्या गळ्यात पडून रडल्या. तिने त्यांना पाणी दिलं. तिच्या स्वतःच्या डोळ्यांतून टिपूस निघाला नाही. धक्का बसलाय, हळूहळू मोकळी होईल, असं सगळे म्हणाले. उषानेही वाट पाहिली. तसं काही झालं नाही.

भैरू आणि त्याची बायको साळूबाई यांच्या खोल्यांपैकी एक खोली तिने आणि जनार्दनने भाड्याने घेतली होती. भैरूने शेत इमारतीवाल्यांना देऊन टाकलं होतं आणि उरलेल्या तुकड्यावर खोल्या काढल्या होत्या. शेत गेल्यापासून साळूबाईला सकाळी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती येऊन उषाच्या उंबऱ्यावर बसायची.

"रडलीस का गं?"

"नाही."

"न्हाई येत तर ऱ्हाऊ दे. जोर लावून येतंय व्हय ते?" एवढं बोलून ती समोरच्या क्रेनकडे बघत बसायची. उषाला तिचं बसणं जड जात नसे.

उषा आणि जनार्दन दोघंही हिंजवडीला ऋषिकेशच्या छोट्या कंपनीत होते. जनार्दन प्रोग्राम लिहायचा, उषा तयार झालेले बोर्ड तपासायची. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी तिथे लहान कॉम्प्युटर बनत. लोडशेडिंगचे दिवस होते. केंद्रावर माणसं किटल्या घेऊन उभी, तेवढ्यात वीज जायची, परत यायची, आणि कॉम्प्युटर उठायला इतका वेळ लावायचा की लोक शिव्या घालायचे. कॉम्प्युटरची कळ दाबली की सगळ्यांत आधी जागा होतो तो बायोस; तोच मग रॅम, पडदा, डिस्क यांना एकेक करून उठवतो. विकतचा बायोस नको ते तपासत बसायचा. कीबोर्डची वायर सैल असली तरी तिथेच अडून राहायचा, आणि त्याच्या आत हात घालायची सोय नव्हती. जगभरातली माणसं मिळून लिहितात असा एक मोकळा बायोस जनार्दनला सापडला होता, लिनक्सबायोस नावाचा. तो आपल्या बोर्डावर बसवायचं त्याने मनावर घेतलं होतं. जाण्याच्या थोडं आधी त्याने तो सगळ्यांसमोर चालवूनही दाखवला. त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले होते.

"वहिनी, थोडंच राहिलंय," ऋषिकेश म्हणाला. "जनार्दनचं काम आहे. तुम्ही पुरं केलंत तर..."

"करते, सर," उषा म्हणाली.

नवऱ्याच्या आठवणीसाठी ती हे करतेय असं ऑफिसात सगळ्यांनी धरलं. तसं काही नव्हतं. बोर्डाशी बोलावं लागत नाही आणि बोर्ड कशी आहेस विचारत नाही, एवढंच तिला पुरेसं होतं. ती त्याच्या खुर्चीवर बसली. खुर्ची जरा उंच होती, ती तिने खाली केली.

काम असं होतं. जुन्या बायोसवर बोर्ड चालू करायचा. तो चालू असतानाच बायोसची चिप चिमट्याने अलगद उपटायची, तिच्या जागी कोरी चिप बसवायची आणि तिच्यात नवा बायोस भरायचा. मग वीज न तोडता बोर्ड रीस्टार्ट करायचा. पडदा उजळण्याआधी बोर्ड काय करतोय ते एका वायरीतून शेजारच्या कॉम्प्युटरवर ओळीओळीने उमटायचं. उषाने हे सगळं जनार्दनने लिहून ठेवलेल्या पद्धतीने केलं. बोर्ड झटक्यात उठला, अगदी तेव्हा दाखवला होता तसाच. मग घरी जायची वेळ झाली म्हणून तिने वीज बंद केली.

सकाळी येऊन कळ दाबली तर वायरीतून काही ओळी आल्या आणि रॅमपाशी येऊन सगळं गप्प झालं. पुन्हा लावला, पुन्हा तिथेच. चिप बदलून पाहिली, बोर्ड बदलून पाहिला. तेव्हा तिच्या लक्षात आलं. रीस्टार्ट केल्यावर बोर्ड उठायचा, कारण रॅम आधीच जागी असायची; जुन्या बायोसने तिला उठवून ठेवलेलं असायचं. वीज पूर्ण जाऊन आली की ते काम नव्याला स्वतः करावं लागे, आणि ते त्याला येत नव्हतं. ज्या कामासाठी हा सगळा खटाटोप, नेमकं तेच होत नव्हतं. जनार्दनने बंद करून पुन्हा चालू करून पाहिलंच नव्हतं. पाहिलं असतं, पण तेवढ्यात तो गेला.

तिला वाईट वाटायला हवं होतं. तिने पुढचा बोर्ड घेतला.

कागदावरच्या नकाशात एका कंपनीची रॅम होती आणि बोर्डावर दुसरीच बसवली होती. तिची माहिती मिळवून, रॅमला उठवणारा सगळा भाग उषाने नव्याने लिहिला. कितीदा तरी बोर्ड तिथेच गप्प झाला. ती थकत नव्हती, चिडतही नव्हती. मध्येच त्या मोकळ्या बायोसचं नाव बदलून कोअरबूट झालं. उन्हं तापायला लागली तेव्हा एका सकाळी रात्रभर बंद राहून गार पडलेला बोर्ड पहिल्यांदा कळ दाबताच उठला. तिने वायर उपटून, थांबून, परत लावली. परत उठला. ऑफिसभर टाळ्या पडल्या. ऋषिकेशने जनार्दनच्या फोटोला हार घातला आणि तो बोलता बोलता रडला. उषा शेजारी उभी राहून पंख्यामुळे हलणारा तो हार बघत होती.

मग हे काम त्या जगभरच्या लोकांकडे पाठवायचं ठरलं. तिथली रीत अशी की पाठवणाऱ्याने खाली स्वतःचं नाव घालून, हे माझं काम आहे आणि द्यायचा हक्क मला आहे, असं कबूल करायचं.

"जनार्दनचंच नाव घालू," ऋषिकेश म्हणाला. "एकट्याचं."

"सुरुवात त्यांची, असं लिहिते. रॅमचं मी केलंय, तिथे माझं नाव येईल."

"वहिनी, त्याने मला स्वतःच्या हातांनी चालवून दाखवलं होतं!"

"गार बोर्डावर चालत नव्हतं, सर. कोणी बंद करून बघितलं नाही."

ऋषिकेश तिच्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तसा पाहत राहिला. नावं तिने म्हटली तशीच गेली. पण गोष्ट उदगीरला पोचली आणि रविवारी सासूबाईंचा, लीलाबाईंचा फोन आला.

"त्याचं नाव कामून काढलंस?"

"काढलं नाही, आई. आहे त्यांचं. पण त्यांचा चालत नव्हता, तो मी चालवला."

"एवढं तरी त्याचं राहू द्यायचं होतंस की," लीलाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

उंबऱ्यावर साळूबाई होती. तिला निम्मं ऐकू गेलं होतं. "खोटं बोलली आसतीस तर काय बिघडत व्हतं?" तिने विचारलं.

"माहीत नाही," उषा म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं.

वर्षभर लीलाबाई बोलल्या नाहीत. दुसऱ्या उन्हाळ्यात मात्र पिशवी घेऊन एकट्याच महाळुंग्याला आल्या आणि चार दिवस राहते म्हणाल्या. त्यातच मुळशीतल्या मुठा गावच्या दूध केंद्रावर कॉम्प्युटर बसवायला उषाला जायचं होतं. "मी येते," लीलाबाई म्हणाल्या. "बघू तरी काय केलंत दोघांनी."

मुठ्याला केंद्र सांभाळणारा कुशाबा दारातच उभा होता. "जुनं यंत्र लई छळतंय. ह्ये तरी उठंल ना?" उषाने बोर्ड जोडला, खात्रीसाठी आपली वायर सोबतच्या लॅपटॉपला लावली आणि कळ दाबली. ओळी सरसर उमटल्या.

"यात त्याचं किती?" लीलाबाईंनी हळूच विचारलं.

उषाने वीज बंद केली आणि परत चालू केली. "ही पहिली ओळ आली ना? इथपासून इथपर्यंत त्यांचं. बोर्ड बोलायला लागतो तो त्यांच्यामुळे. त्यांचं यातलं मी काही बदललं नाही. पुढचं माझं."

लीलाबाईंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "परत लाव."

उषाने परत लावलं. त्या रडत होत्या आणि परत परत लावायला सांगत होत्या, आणि उषा कळ दाबत होती. तिचा दुसरा हात सासूबाईंच्या पाठीवर होता. पाठ गदगदत होती, ते हाताला कळत होतं. आणखी काही कळतंय का म्हणून ती थांबून पाहत होती.

"बाई, दूध आलं," शेवटी कुशाबा म्हणाला. "आता ऱ्हाऊ द्या ते चालू."

चार दिवस म्हणून आलेल्या लीलाबाई परत गेल्या नाहीत. ऋषिकेशची कंपनी पुढच्या वर्षी मोठ्या कंपनीने घेतली, उषाला तिथे बरी नोकरी मिळाली. दोन हजार दहापर्यंत मुळशीतल्या बऱ्याच केंद्रांवर ते कॉम्प्युटर होते. उषा अजून रडलेली नव्हती. साळूबाई विचारायची थांबली होती. तिला आता लीलाबाईंशी मसाल्यावरून भांडायचं असायचं. काळ्या मसाल्याची आमटी हे अन्नच नव्हे, असं दोघींपैकी एक म्हणायची, दुसरी तावातावाने उठायची, आणि आत उषा डबा भरत ऐकत असायची.