मागचं दार

लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या ताईला सिनेमाचं वेड कधीच नव्हतं. ते होतं तिच्या धाकट्या भावाला. नवरा गेल्यापासून तोच तिला अधूनमधून थिएटरात न्यायचा, आणि तेही गुंडांच्याच सिनेमांना. पडद्यावर कुणी मरायच्या बेतात असलं की हा कानाशी लागायचा, "कॅमेरा आधीच सरकला बघ! कच्चा दिग्दर्शक!" नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, याला नाचायचंच नव्हतं, नुसती लोकांची अंगणं मोजायची होती.

ताईचा नवरा टॅक्सीवाला. गाडीत कुणीही बसो, त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "दार नीट लावा." लग्न होऊन निघाले तेव्हा नव्या नवरीलाही त्याने तेच ऐकवलं होतं. धाकट्याची तेव्हा एका टोळीत ऊठबस होती. त्याच्याच नादाने ताईचा नवरा त्या लोकांची ने-आण करू लागला. ताईने डोकं आपटून घेतलं, पण कोण ऐकतो! एका दुपारी दुसऱ्या टोळीने त्याला स्टिअरिंगवरच गोळ्या घातल्या. धाकटा म्हणाला, मी त्या दिवशी परगावी होतो. पुढे त्याने ते सगळं सोडलं आणि चपलांचं दुकान टाकलं.

समोर रस्ता मोकळा होता, असं बघणारे सांगत होते. मग पळाला का नाही? ताईने रडून रडून आपल्यापुरतं उत्तर काढलं होतं. हातपाय गळाले असणार. भित्रा मेला, मला उघड्यावर टाकून. भावाजवळ ती हे कितीदा तरी बोलली होती.

परवाच्या सिनेमातही एक ड्रायव्हर होता. इंजिन बंद करून साथीदाराची वाट बघत बसलेला. आरशात त्याला मारेकरी येताना दिसतात. हात किल्लीकडे जातो, थांबतो, आणि तो बाहीने उगाच स्टिअरिंग पुसत राहतो. संगीत नाही, संवाद नाही. त्या नटाच्या नुसत्या मानेवरून कळत होतं की हा भ्यायलाय, आणि तरी जाणार नाही. अभिनय कशाला म्हणतात ते ताईला त्या दिवशी समजलं.

"किती खरं केलंय रे," ती म्हणाली.

"नटाचं ठीक आहे. दिग्दर्शकाला अक्कल नाही," भाऊ सवयीने पुटपुटला. "इंजिन बंद कशाला ठेवेल? चालूच होतं. मागचं दारही उघडून ठेवलं होतं त्याने."

पडद्यावर गोळ्या सुटल्या. ताई भावाकडे बघत होती.

"तू तर परगावी होतास."

त्याने तोंड ओंजळीत झाकलं. "मी गल्लीतून पळत येत होतो, ताई. हाक मारली. माझ्यासाठी थांबला तो. मी आत शिरलो आणि ते आलेच. मी दुसऱ्या बाजूने निसटलो."

"आणि मी इतकी वर्षं त्याला भित्रा म्हणत आले. तू समोर बसून ऐकलंस."

त्याला तिथेच बडवावं असं तिला वाटलं. हात मात्र उचलेना.

"काही म्हणाला का तो?"

भाऊ हुंदके देत राहिला. मग म्हणाला, "दार नीट लाव, म्हणाला."