जुना आणा, नवा न्या

मोडकी वस्तू दिसली की चेहऱ्यावर तेज येणारे आमदार अख्ख्या महाराष्ट्रात एकच झाले, ते म्हणजे आमचे शेजारी आबा. त्याआधी ते धुळ्याकडच्या एका सूतगिरणीत स्टोअर मॅनेजर होते. यंत्राचा जुना पट्टा जमा केल्याशिवाय नवा द्यायचा नाही, हा तिथला नियम. एका निवडणुकीत पडायला कोणी तयार होईना म्हणून पक्षाने यांना उभं केलं, आणि हे पाच वेळा निवडून आले. नियम मात्र स्टोअरचाच राहिला. पारोळ्याकडची मंडळी नवा हातपंप मागायला आली, तर आबांचा पहिला प्रश्न, "जुना कोठे शे?" बिचाऱ्यांनी तो उखडून ट्रॅक्टरवर घालून आणला. आबांनी धोतर खोचलं, पाना मागवला आणि दुपारपर्यंत पंपाचा दांडा खालीवर करून दाखवला. "नवाले काय सोनं लागेल शे?" बातमी घ्यायला आलेला वार्ताहरही मदतीला जुंपला गेला आणि ग्रीसने हात काळे करून परत गेला. जुना रस्ता काही उचलून आबांपुढे दुरुस्तीला आणता येत नाही, म्हणून आमच्याकडे नवे रस्ते तेवढे झाले, असं विरोधक म्हणतात. खुद्द घरात त्यांच्या पत्नीला, अक्कांनाही, जुन्या केरसुणीचा बुंधा दाखवल्याशिवाय नवी मिळाली नाही.

यंदा सहाव्या तिकिटाच्या वेळी मात्र आबा धास्तावले होते. "तिकीट गयं ते माले सकायले काय काम?" असं ते मला म्हणाले आणि मी हसण्यावारी नेलं. तिकीट गेलंच. आबांनी नव्या उमेदवाराला आशीर्वाद दिला, उन्हातान्हात त्याचा प्रचारही केला. तो निवडून आला आणि आबांच्या अंगणातली रोज सकाळची सगळी गर्दी त्याच्या दारी गेली.

परवा सकाळी फाटकातून त्यांनी मला हाक मारली. अंगणात वीस खुर्च्या मांडलेल्या आणि एकटे आबा.

"बस ना भाऊ. काही काम शे का?"

पंचवीस वर्षं या माणसाची मी चेष्टा केली, पण तेव्हा मला फार वाईट वाटलं. सुचलं ते बोलून गेलो, "आमचा नळ गळतोय, आबा."

"मंग इतला दिन सांगं का नही?" म्हणत आबा टोपी शोधायला आत गेले. मी घाईघाईने बायकोला फोन लावला, "आबा येताहेत. स्वयंपाकघरातला नळ जरा ढिला करून ठेव."